दुपारच्या खेळाला बा मरतो

माझ्या भावावर पिक्चर निघाला अन् त्यात मी न्हाई. हे आधीच सांगून टाकते, मंजे पिक्चर बघून मला विचारायला येऊ नका की संगिता, तू त्यात कुठं हायस. पिक्चरमधल्या योगेशला बहीणच न्हाई. एकुलता एक पोरगा, विधवा माय अन् मेलेला बाप, बस. त्याचं मला काही वाटलं न्हाई. खोटं कशाला बोलू, वाटलं थोडं. पण मला नुसतं वगळलं, माझ्या बापाला त जित्तेपणी मारलं.

आमचा तांडा गोरेगावपासून जवळच. माझं सासर गोरेगावातच. मालक धनसिंग जीप चालवतेत, गोरेगाव ते सेनगाव, कधी हिंगोली. मी घरी शिवणकाम करते. आमच्यात मायला याडी म्हणतेत अन् बापाला बा. याडी मोतीबाई, बा पुनमचंद. बा गोरेगावच्या मोंढ्यात हमाली करायचा. पाठ वाकली तसं पोत्यांचं काम सुटलं, मग तांड्यावर दोन बकऱ्या घेऊन बसायचा.

योगेश हुशार, ते कोण न्हाई म्हणतंय? नांदेडला कॉलेजात होता तवा वारंगा फाट्यावर एका एसटीडी बूथवर कामाला राहिला. तिथलं बिलाचं मशीन सारखं बिघडायचं अन् गिऱ्हाइकं भांडायची. योगेशनं ते मशीन उघडलं, दुरुस्त केलं, अन् दुरुस्त करता करता त्याच्यापेक्षा चांगलं स्वतःचंच बनवलं. मग आजूबाजूचे बूथवाले त्याच्याकडून मशीन घेऊ लागले. मग पुणे, मग कंपनी, मग मोबाइल आले तशी कंपनी मोबाइलमधलं काही बनवाय लागली. काय बनवते ते मला इचारू नका, आमच्या विकासला इचारा. विकास माझा धाकटा दीर. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलेला. त्यानं योगेशचा पेपरातला फोटो कपाटाच्या आरशावर चिकटवला होता. भांग पाडायचा त योगेशच्या कानाशेजारी तोंड वाकडं करून बघावं लागायचं.

बा त्या फाट्यावर दर बाजाराच्या दिवशी जायचा. कोणाच्या तरी ट्रकवर बसून, भाकरी अन् ठेचा फडक्यात बांधून. बूथच्या बाहेर फळीवर बसायचा. योगेश आत फोन लावून द्यायचा, बा बाहेरून त्याला बघायचा. बोलणं काही न्हाई. पोरगं दिसलं की झालं. संध्याकाळच्या ट्रकनं वापस. याडी चिडायची, "तिथं काय दर्शन ठेवलंय?" बा हसायचा. बा लई कमी बोलायचा, हसणंच जास्ती.

पुण्याला गेल्यावर योगेशचं येणं कमी झालं. पहिलं दिवाळीला यायचा, मग दिवाळीला फोन यायचा, मग दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. मला आधी तो बाई म्हणायचा, आमच्यात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतेत. पुण्यात त्याची ताई झाले मी. असू द्या.

एका दिवाळीनंतर पिक्चरवाले आले. गाड्या, छत्र्या, खुर्च्या, अन् एक पँटवाली पोरगी जी सगळ्यांना पळवत होती. तांडा त येडा झाला. पोरं तिच्या मागं, म्हातारे खुर्च्यांच्या मागं. त्या पोरीनं बायांना जमवलं अन् सांगितलं की एक माणूस मेलाय, सगळ्यांनी रडायचं. मढ्याच्या जागी चादरीत गुंडाळलेलं गाठोडं ठेवलं होतं. नट म्हणे उद्या येणार हाय.

आता आमच्या बाया मढ्यावर नुसत्या हंबरत न्हाईत. गाऊन रडतेत. मेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याच्या सवयी घ्यायच्या, त्याचे बैल, त्याची चिलीम, सगळं सुरात. म्हणून लखमाकाकी, आमच्या तांड्यावरची रडण्यातली मोठी बाई, तिनं इचारलं, "कोणाच्या नावानं रडू?"

"कुणाच्याही नावानं, मावशी. नुसतं रडा."

"नुसतं कसं रडू माय? रडायला माणूस लागतो."

ती पोरगी कंटाळली. "कुठलंही नाव घ्या हो, आवाज नंतर कमीच करायचाय."

बायांनी आपसात सल्ला केला. जित्या माणसाचं नाव घेणं अपशकून. म्हणून त्यांनी आमच्या खेमा नायकाचा बाप काढला. नायक मंजे तांड्याचा मुख्य. त्याचा बाप मरून जमाना झाला होता. त्याच्या नावानं बाया अशा रडल्या की त्या पँटवाल्या पोरीच्याबी डोळ्यात पाणी आलं. आम्ही घरी येऊन हसलो.

त्याच दिवशी योगेशचा फोन आला, विकासच्या मोबाइलवर. "आईला दे." याडीनं फोन उलटा धरला, मी सरळ केला. तो म्हणाला, पिक्चरमधल्या आईसाठी तुझा जुना चुडो दे, त्यांना खरा पाहिजे, बाजारातला नको.

चुडो मंजे आमच्या बायांच्या कोपराच्या वरच्या बांगड्या. दंड भरून घालतेत. नवरा जिता हाय तवर हातात राहतो, नवरा गेला की दगडानं फोडतेत. याडी रोज प्लास्टिकचा घालायची. लग्नातला जुना, तिच्या मायनं दिलेला, फडक्यात बांधून पेटीत होता. त्यातली एक बांगडी बैलगाडीच्या दांडीला लागून तडकली होती, तिला बानं तांब्याची तार गुंडाळून दिली होती. तिथं हात लावला की टोचायचं, पण याडी तार काढू देत नव्हती.

तो चुडो याडीनं पिक्चरवाल्यांना दिला. मी म्हणलं, "याडी, कशाला देतीस?" त म्हणती, "पिक्चरमधली याडी माझ्यासारखी दिसली पाहिजे ना. पोराच्या लग्नात घालील." तिला वाटलं, पोरावरचा पिक्चर हाय, शेवटाला लग्न असंलच. मलाबी तसंच वाटलं.

पिक्चरवाले गेले. चुडो वापस आला न्हाई. मी योगेशला फोन केला त म्हणे सामानात हाय, पाठवतो.

पुढं गोरेगावात पिक्चर आला. आमच्याकडं पत्र्याचं शेड हाय बाजारात, उकंडरावचं. आधी त्यात कापूस ठेवायचा, मग पडदा लावून मशीनवर पिक्चर दाखवाय लागला. दुपारी एक खेळ, संध्याकाळी एक. बाहेर फळा, त्यावर खडूनं लिहिलं, "तांड्याचा तारा. आपल्या गोरेगावच्या मातीतला हिरो." धनसिंगनं जीपच्या खेपा घालून अख्खा तांडा दुपारच्या खेळाला आणला. बा लाल पागोटं घालून आला, याडी चांदीच्या घुगऱ्यांचे झुबके केसात घालून. उकंडरावनं दोघांना पुढच्या खुर्च्या दिल्या अन् बाकीच्यांना सांगितलं, "हिरोचे मायबाप हायत, सरका."

पिक्चर सुरू झाला अन् तांडा आला. आमचाच तांडा, पण सगळे पुरुष प्यालेले. एकबी सरळ चालंना. बाया आरशाचे कपडे घालून चुलीशी बी नाचून राहिल्या. लखमाकाकी मोठ्यानं म्हणाली, "ह्यांच्या भाकरी कोण भाजतंय?" मागून गोरेगावची पोरं ओरडली, "गप बसा!"

मग पडद्यावरचा बाप आला. नट चांगला होता, बासारखाच हसायचा. मी बाच्याकडं बघितलं, बा खुश. मग त्या बापाला शेतात साप चावला. पडद्यावरचा योगेश धावतोय, गावात फोन न्हाई, पुढच्या गावात फोन हाय त तो बंद, डॉक्टरला बोलवायचं कसं? तो ओरडतोय, "एक फोन! फक्त एक फोन!" तवर बाप मेला. शेडात सुई पडली त ऐकू यावी अशी शांतता. आमचा विकास हुंदके देऊन राहिला, समोरच्या खुर्चीत आमचा बा धडधाकट बसलेला असून!

मी बाच्याकडं बघितलं. तो हसत नव्हता. पडद्याकडं बघत होता.

मग मढ्यावर बाया रडू लागल्या. आमच्याच बाया, आमच्याच आवाजात, आमच्या बोलीत. "खेमाच्या बापा, तुझी चिलीम आता कोण भरल? तुझ्या लंगड्या बैलाला पाणी कोण दाखवील?" गोरेगावचे लोक डोळे पुसून राहिले, त्यांना आमची बोली कुठं कळते! अन् आमचा तांडा फिसकन हसला. आधी एक पोरगी, मग सगळेच. लखमाकाकी पदर तोंडात घालून हलत होती. खेमा नायक उभा राहिला अन् ओरडला, "माझ्या बापाचं रडं हाय ते! माझ्या बापाला कोणी इचारलं?" मागून शिव्या आल्या, "काही लाज हाय का, पिक्चरमधी बाप मेलाय अन् हे हसून राहिले!"

त्या गलक्यात पडद्यावर मोठा हात दिसला. हातात चुडो. एका बांगडीला तांब्याची तार. दगड आला अन् चुडो फुटला. तार तेवढी वाकडी होऊन दंडावर राहिली.

याडी उठली. दोन्ही हात पदराखाली घेतले, दंड दाबून धरले, अन् चालत शेडाबाहेर गेली. तांड्याचं हसणं तिथंच बंद झालं. मी तिच्यामागं पळाले. ती बाहेर कांद्याच्या पोत्यावर बसली होती. म्हणाली, "त्याला माहीत होतं. काहून मागितला ते त्याला माहीत होतं."

पिक्चर सुटल्यावर बाजारात जी चर्चा झाली ती आठवडाभर चालली. विकास म्हणला, "वैनी, स्टोरी हाय ती. पिक्चरला दुःख लागतं. पण शेवटी कंपनीचा बोर्ड लागतो तो सीन! अंगावर काटा आला." उकंडरावचं म्हणणं, गावाचं नाव झालं, शेड भरलं, अजून काय पाहिजे? कॉलेजची पोरं म्हणली, पिक्चर एक नंबर, पण तांड्यावाल्यांनी मजा घालवली. खेमा नायक तांड्याच्या पंचांना घेऊन बसला की माझ्या बापाचा अपमान झाला, दंड कोणावर लावायचा? लखमाकाकी म्हणली, "माझ्यावर लाव. एवढं चांगलं तुझ्या बापासाठी तो मेला तवाबी कोणी रडलं नव्हतं." एकटे शेषरावकाका सरळ बोलले. ते बौद्ध वस्तीतले, बाच्या बरोबर मोंढ्यात हमाली केलेले, जुने दोस्त. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणले, "जित्या माणसाला मारून टाळ्या घेतल्या. ज्या खांद्यानं पोतं उचलून पोराला शिकवलं, तो खांदा साप चावून मारला. अन् तुमी सीन चांगला म्हणून राहिले!" विकासला ते लागलं. घरी येऊन माझ्यावर चिडला, "त्या म्हाताऱ्याला काय कळतंय?"

मी फोन केला योगेशला. म्हणलं, "बा जिता हाय, हे तू एकदा येऊन लोकांत सांग. माझ्यासाठी नको, याडीसाठी सांग."

तो म्हणाला, "ताई, ही गोष्ट मी पिक्चरसाठी केलेली नाही. सुरुवातीला, कोणी विचारत नव्हतं तेव्हा, एका परदेशी माणसासमोर भाषण करायचं होतं. त्या दिवशी तोंडातून गेलं. त्याच्या डोळ्यात पाणी आलं अन् त्यानं कंपनीत पैसे घातले. मग तीच गोष्ट सगळीकडे छापून आली. आता मी काय म्हणू? की माझे वडील घरी आहेत, बकऱ्या राखतात?"

"व्हय, तसंच म्हण. खरं हाय ते."

"तुला समजत नाही," तो म्हणाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी विकासचा मोबाइल भिंतीवर मारणार होते. विकासनं हातातून घेतला.

अन् बा? बा दुसऱ्या दिवशी परत पिक्चरला गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी. पागोटं घालून, काठी टेकत, तांड्यापासून गोरेगावपर्यंत चालत. उकंडराव तिकीट घेत नव्हता, म्हणायचा, "तुमचंच मरण हाय बाबा, तिकीट कशाचं?" बोलायला लई गोड, उकंडराव. बा पुढच्या खुर्चीत बसायचा अन् बापाचं मढं जळलं की उठून यायचा. कंपनी, परदेश, टाळ्या, त्यातलं काही बघायचा न्हाई.

मला राग आला. एका दुपारी मी शेडाच्या दारातच त्याला धरला. "बा, तुला काही वाटतं का? लोक हसून राहिले. रोज रोज स्वतःचं मढं बघायला काय जातोस?"

बा हसला. "मढं कोण बघतंय? पोरगं बघतो. कसा रडून राहिला माझ्यासाठी, बघितलं का तू? मातीत लोळून."

"बा, तो योगेश न्हाई. तो नट हाय. त्याला पैसे देतेत रडायचे."

"मला समजतं ते. पण त्याला सांगितलं कोणी असंल, असा रड म्हणून? योगेशनंच ना. त्याच्या मनात हाय, म्हणून त्यानं सांगितलं."

माझा बा वारंग्याच्या फळीवरून उठून ह्या खुर्चीत बसला होता, दुसरं काही न्हाई. तिथंबी आतून पोरगं दिसायचं, इथंबी. मी त्याला टपरीवर नेलं, चहा पाजला, अन् दुसऱ्या दिवसापासून काही म्हणलं न्हाई.

मग हिंगोलीत योगेशचा सत्कार ठरला. पेपरात आलं. याडी म्हणली, "तो येतोय." तिनं राग गिळला. मायच ती. बानं पागोटं धुवून वाळत घातलं, धोतराला नीळ दिली. मी त्याच्यासाठी नवी बंडी शिवली. बा शेषरावकाकांना सांगून आला, "लोकांना आता दिसंल मी मेलो न्हाई. पोरगा शेजारी बसवील."

सकाळी तांड्यावर पांढरी गाडी आली. योगेश न्हाई, त्याच्या कंपनीतला एक चांगल्या कपड्यातला माणूस. बा आधीच तयार होऊन बाजेवर बसलेला. त्या माणसानं याडीला नमस्कार केला अन् म्हणला, "आई, चला." मग बाच्याकडं बघितलं, अन् त्याची मान खाली गेली. मला बाजूला बोलावून म्हणला, "साहेबांनी फक्त आईंना आणायला सांगितलंय. बाबांना प्रवासाचा त्रास नको म्हणाले."

"तकलीफ काय त्यांना? चालत गोरेगावला जातेत रोज!"

"ताई, मी नोकर माणूस आहे. तिथं सगळ्यांना असं माहीत आहे की..." मग खालच्या आवाजात म्हणला, "आणि आईंना म्हणावं, हातातलं ते... जरा पदराखाली राहू द्या."

याडीला ऐकू गेलं. तिनं पदर मागं टाकला अन् दोन्ही दंड उघडे केले. "गाडी वापस ने. माझा मालक समोर बसलाय अन् मी रांड होऊन गाडीत बसू?"

बा म्हणला, "जा गं. पोराचं तोंड त बघून ये."

"तूच बघ, तुला गोरेगावात दिसतं."

गाडी गेली. बानं पागोटं काढलं, घडी घातली, नीट. बकऱ्या सोडायला उठला. मी आडोशाला जाऊन रडले. सत्काराचं भाषण विकासनं जाऊन ऐकलं. बाप आठवून योगेशचा आवाज भरून आला, असं तो सांगत होता. नेहमीसारखं डोळे मोठे करून सांगत नव्हता, भिंतीकडं बघून सांगत होता.

गोरेगावचा पिक्चर उतरला. उकंडरावनं दुसरा लावला, मारामारीचा. बा पहिल्या दिवशी सवयीनं गेला अन् फळा वाचता येत न्हाई म्हणून आत जाऊन बसला. बाहेर येऊन उकंडरावला म्हणला, "माझा कवा लावणार?" उकंडराव म्हणला, "बघू बाबा, डिमांड आली त." त्यानंतर बा गोरेगावला आला न्हाई.

सोयाबीन काढणीला आलं तवा, दुपारची वेळ, बाच्या छातीत कळ आली. साप न्हाई, काही न्हाई. अन् फोन? फोन काय, तांड्यावर ज्याच्या त्याच्या खिशात फोन होता. याडीनं हाक मारली, शेजारच्या पोरानं धनसिंगला फोन लावला, मला अन् विकासला घेऊन जीप लगेच आली. जीपमधी बाचं डोकं माझ्या मांडीवर. तो म्हणला, "योग्याला फोन लाव." विकासनं लावला. एका पोरीनं उचलला, "सर मीटिंगमध्ये आहेत." विकास म्हणला, "त्यांचे वडील..." ती म्हणली, "कोण बोलतंय? सरांचे वडील तर कधीच गेलेत." अन् ठेवला. विकासनं परत लावला, परत लावला. तो लावतच राहिला अन् बा माझ्या तोंडाकडं बघत राहिला, की आता लागंल. सेनगावचा दवाखाना यायच्या आधी बा गेला.

रात्री योगेशनं एकदाचा विकासचा फोन घेतला, म्हणून आम्ही मढं ठेवलं. योगेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला, एकटा, स्वतः गाडी चालवत. बाच्या पायाला हात लावला. उभा राहिला. मग विकासला बाजूला घेतलं. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. विकासनं पेपरात द्यायला बाचा फोटो आणला होता, पागोट्यातला. योगेश म्हणाला, "पेपरात नको देऊ. समजून घे. आपल्यापुरतं राहू दे."

विकासनं त्याच्याकडं बघितलं. एवढा योगेश योगेश करणारा विकास. त्यानं तो फोटो योगेशच्या हातात दिला अन् म्हणला, "मग हा तुमीच ठेवा. आमाला त ते कसे दिसायचे माहीत हाय." घरी आल्यावर त्यानं आरशावरचा फोटो नखानं खरडून काढला. गोंद अजून हाय तिथं.

अंगणात लखमाकाकीनं सूर धरला. ह्या वेळी बाचंच नाव. "पुनमचंदा, तुझ्या बकऱ्या कोण राखील? तुझी फळी रिकामी..." बाया रडल्या, शेषरावकाका खांबाला धरून रडले, धनसिंग रडला. योगेशचे डोळे कोरडे. त्याला रडायचं नव्हतं असं मी म्हणत न्हाई. त्याचा चेहरा हलत होता, ओठ दाबत होता, पण येतच नव्हतं. एवढे वर्ष ज्या त्या स्टेजवर जाऊन रडला. आता खरा बाप समोर होता अन् त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. लखमाकाकी रडता रडता थांबली अन् शेजारणीला हळूच म्हणली, "पिक्चरमधला चांगला रडला होता." हळूच म्हणली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग दोन म्हाताऱ्या दगड घेऊन याडीजवळ बसल्या. चुडो फोडायचा असतो. याडीनं हात दिला न्हाई.

"माझा चुडो फुटलाय," ती म्हणली. "गोरेगावात सगळ्यांनी बघितलाय. खरा होता तो फुटला, हा प्लास्टिकचा हाय, राहू द्या."

खेमा नायक म्हणला, "मोतीबाई, रीत हाय. अन् अग्नी द्यायला पोरगा उभा हाय, येळ होतोय."

याडीनं पहिल्यांदा योगेशकडं सरळ बघितलं. "रड," म्हणली. "तुझा बा रोज चालत जायचा तुला रडताना बघायला. आता तो इथं हाय. रड एकदा त्याच्यासमोर."

योगेश म्हणाला, "याडी..." आई-बिई न्हाई, याडी म्हणाला.

"ह्याला जाऊ द्या," याडी खेमा नायकाला म्हणली. "त्या पिक्चरमधल्या पोराला बोलवा. पुनमचंदचा पोरगा तो हाय."

त्याला कुठून बोलवणार? अग्नी योगेशनंच दिला. तेराव्याला तो न्हाई आला, सामान पाठवलं. पेपरात काही छापून आलं न्हाई.

याडीचा चुडो कोणी फोडला न्हाई. पंचांनी दोनदा बसून पाहिलं, मग नाद सोडला. आजबी तिच्या दंडावर हाय. तांड्यावर कोणी नवीन माणूस आला अन् हातातला चुडो बघून इचारलं की मालक कुठं गेले, त ती बकऱ्यांना पाला टाकता टाकता सांगती, "गोरेगावला गेलाय, पिक्चर बघायला."